बाई शनिवारी येणार आहेत

रविवार, २ तारीख

प्रिय पत्नीस,
सप्रेम नमस्कार.

मृत व्यक्तीस पत्र लिहिणे तर्काला धरून नाही, याची मला जाणीव आहे. तरीही तुझ्या बालवर्गाविषयीचा निर्णय तुला न कळवता अमलात आणणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण वर्गाचे सर्व निर्णय तू घेत होतीस आणि मला ते जेवताना कळत होते.

निर्णय असा. बेकरीच्या माडीवरची खोली येत्या शनिवारी बेकरीवाल्यांच्या ताब्यात परत द्यावयाची आहे. तत्पूर्वी, पालकांच्या आग्रहाखातर, सुटी संपताच वर्ग एक आठवडा उघडावयाचा. तू योजलेला ‘घरोघरचा आठवडा’ राहून गेला होता. प्रत्येक मुलाने आपल्या घरातले एखादे गाणे, एखादा खेळ, एखादा पोशाख वर्गात आणावयाचा, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर सादर करावयाचा. हा आठवडा मी चालवणार आहे. हाताशी तुझ्या वर्गातल्या मदतनीस मावशी आहेत, त्यामुळे मुलांचे नाक, बूट आणि रडणे हे विभाग सुरक्षित आहेत. मी जन्मभर दुकानांतले तराजू आणि मापे तपासली. लहान मुले तपासण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही.

तुझ्या बहिणीला आता ऐकू येणे जवळजवळ बंद झाले आहे, त्यामुळे फोन निरुपयोगी. तिची सून रोज बेकरीवरून कामाला जाते. ती आमची पत्रे नेईल-आणील. तेव्हा वृत्तांत तिला कळवीन. तुला पुन्हा लिहिण्याची वेळ येऊ नये, अशी अपेक्षा आहे.

तुझा पती


सोमवार, ३ तारीख

प्रिय धाकटी यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पहिला दिवस पार पडला. मी इस्त्रीचा कोट घालून गेलो होतो. दारातच एका मुलाने ‘तुम्ही सुई टोचणार का?’ असे विचारून रडावयास सुरुवात केली. मावशींच्या सूचनेवरून कोट खुंटीला अडकवला, रडे थांबले.

आजचा विषय रंग. पिवळा आणि निळा मिसळल्यास हिरवा होतो, हे मी फळ्यावर लिहून समजावले. मुलांनी ते माझ्या बाहीवर करून पाहिले. दुधाच्या वेळी कुणावर अन्याय होऊ नये म्हणून मी सर्व पेले एका ओळीत ठेवून पातळी तपासत होतो. मावशी म्हणाल्या, “साहेब, तुमची पातळी जुळेपर्यंत दुधावर साय येईल.”

हजेरीची पद्धत आपल्या ताईने निराळीच घालून दिली आहे. सर्व मुलांना तिने टोपणनावे दिली आहेत. त्याच नावाने पुकारावयाचे. हजर असलेले मूल स्वतः ओ देते. गैरहजर मुलासाठी सगळा वर्ग मिळून उत्तर देतो: तो कुठे आहे, आणि कधी येणार. उत्तर सापडेपर्यंत पुढचे नाव घ्यावयाचे नाही. आज सर्वांची नावे संपल्यावर मुलांनी बाईंचेही नाव घेतले. त्यांच्या शंकेचे निरसन करण्यात आले.

आपला


मंगळवार, ४ तारीख

भावोजी,

‘प्रिय धाकटी यांस’ वाचून सूनबाई जिन्यात बसून हसली. एवढी वर्षं झाली, केस पांढरे झाले, कान गेले, पण तुमचं ‘यांस’ काही जात नाही. लग्नाआधी तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा मी तुमच्या चहात मीठ घातलं होतं. अख्खा कप प्यायलात आणि म्हणालात, “चव निराळी आहे.” ताई आत हसून हसून लोळली होती.

बरं, थट्टा पुरे. ‘निरसन करण्यात आले’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. भावोजी, माझ्या नातवाला आम्ही अजून धड सांगितलेलं नाही. “मोठी आजी लांब गेलीय” म्हणतो आणि हातात बिस्कीट देतो. वर्गातल्या पोरांच्या घरीही हेच चाललं असणार. कुणी म्हणत असेल आजारी आहेत, कुणी म्हणत असेल झोपल्यात. आणि तुम्ही पहिल्याच सकाळी, सगळ्यांना, तोंडावर खरं सांगून मोकळे झालात!

मी ताईला नेहमी चिडवायचे, तुझा नवरा म्हणजे लोखंडी वजन, हलायचा नाही की वाकायचा नाही. आज तिला सांगावंसं वाटतंय की बाई गं, वेळेला वजनच कामाला येतं. मला तुमचा अभिमान वाटला. हे मी पहिल्यांदा लिहितेय, जपून ठेवा.

पोरं फार रडली का? ते नाही लिहिलंत.

तुमची धाकटी


मंगळवार, संध्याकाळ

प्रिय धाकटी यांस,
सप्रेम नमस्कार.

माझी स्तुती अस्थानी आहे. कृपया ती इतर कुणापाशी करू नये.

मुले रडली नाहीत.

आजचा विषय घरातले आवाज. ज्याच्या घरी जो आवाज अधिक, तो त्याने काढून दाखवावयाचा. एकाने शिवणयंत्र काढले. भोपळा नावाचा गोल मुलगा वडिलांचे घोरणे इतके तंतोतंत काढतो, की त्याला थांबवावे लागले. वर्गात एक मुलगी आहे, तिचे नाव आपल्या ताईने ‘वकील’ ठेवले आहे. तिच्या पणजीचे एक अंगाईगीत आहे, त्याची भाषा घरात आता कुणालाच येत नाही. वकीललाही शब्दांचा अर्थ ठाऊक नाही. पण त्यात कुणी चूक काढली, तर ती अर्थासकट भांडते. हे गाणे ती शनिवारी म्हणणार आहे.

मुलांनी बाईंची खुर्ची खिडकीपाशी नेऊन तिला रंगीत कागदाच्या फिती लावल्या आहेत. शनिवारी त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसावयाचे नाही, असे ठरले. ठरवण्यात माझा सहभाग नव्हता.

एक विचारावयाचे होते. आपण मुले वाढवली आहेत. आम्हाला तो योग आला नाही. चार वर्षांच्या मुलाला दिलेले उत्तर ते साधारणतः किती काळ लक्षात ठेवते?

आपला


बुधवार, ५ तारीख

भावोजी,

खुर्चीचं वाचलं आणि रडूच आलं. एवढीएवढीशी पोरं, आणि गेलेल्या माणसाची जागा मांडून ठेवतात! मोठ्यांना सुचणार नाही. हे सगळं तुम्ही खरं सांगितलंत म्हणून झालं. लपवलं असतं तर पोरांना जागा ठेवायची तरी कुठे कळली असती?

आणि उत्तर किती दिवस लक्षात ठेवतात म्हणून काय विचारता? माझ्या थोरल्याला मी तो चार वर्षांचा असताना म्हटलं होतं, उद्या तुला हत्ती दाखवीन. तो आता टकला झालाय. परवा जेवताना म्हणाला, “आई, हत्ती राहिला.”

मी शनिवारी येणार. ताईची निळी शाल माझ्याकडे आहे, तीच पांघरून येईन. तिला बरं वाटेल. म्हणजे मला.

नीट जेवा. सूनबाई म्हणत होती, तुमचा चेहरा उतरलाय. पोरांनी दमवलं असेल.

तुमची धाकटी


गुरुवार, ६ तारीख

प्रिय धाकटी यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली दोन्ही पत्रे समोर ठेवून हे लिहीत आहे. त्यांतला माझ्याविषयीचा प्रत्येक शब्द मी परत करू इच्छितो.

मी मुलांना खरे सांगितलेले नाही. सोमवारी नावे संपल्यावर भोपळा म्हणाला, “आणि बाई?” सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, “बाई बाहेरगावी आहेत.” पद्धतीप्रमाणे दुसरा प्रश्न यावयाचाच होता. वकील उभी राहिली: “कधी येणार?” समोरच्या भिंतीवर कार्यक्रमाचा कागद होता. मी म्हणालो, “शनिवारी.” विचार करावा लागला नाही. दुकानदारांनी खोट्या वजनांविषयी दिलेली स्पष्टीकरणे मी वर्षानुवर्षे ऐकली आणि त्यांना कधी क्षमा केली नाही. त्यांच्यापैकी एकही इतक्या सहजतेने बोलला नव्हता.

तेव्हापासून रोज सकाळी हजेरीच्या शेवटी मुले एका सुरात ओरडतात: “बाई बाहेरगावी आहेत! बाई शनिवारी येणार आहेत!” खाली बेकरीत ऐकू जाते. मी त्या वेळी खिडकीबाहेर पाहतो. काल मी हजेरीच घेतली नाही. वकील म्हणाली, “हजेरी नाही तर दूध नाही,” आणि सर्वांनी पेले पालथे घातले. मी हजेरी घेतली. मावशींना सोमवारपासून सर्व ठाऊक आहे. त्या एवढेच म्हणाल्या, “साहेब, मी मध्ये पडणार नाही. पोरांनी मला विचारलं, तर मी तुमच्याकडे बोट दाखवणार.”

आज त्याहून वाईट झाले. वकीलची आई मुलीला न्यावयास आली आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, “काका, तुम्ही हिला काय सांगितलंत? बाई गेल्या त्याच दिवशी आम्ही तिला खरं सांगितलं होतं. खूप रडली, मग हळूहळू निवळली. आता म्हणते, आई, तू खोटं बोललीस, आजोबांनी सांगितलंय बाई येणार. काल रात्री माझ्याशी बोलली नाही.”

ती स्त्री माझ्यावर रागावली नव्हती. तिला वाटत होते की मुलीनेच काही चुकीचे ऐकले. आणि मी काय म्हणालो असेन? “गैरसमज झाला असावा.” मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती. धरणी पोटात घेईल तर बरे, असे माणसे म्हणतात. मी बेकरीच्या माडीवर होतो, तेवढीही सोय नव्हती.

आता एक विनंती. ती लिहिताना मला माझीच किळस येत आहे, तरी लिहितो. आपण निळी शाल घेऊन येणारच आहात. आपली आणि ताईची चेहरेपट्टी एक. तिचा चष्मा लावून आपण खिडकीपाशी, उजेडाकडे पाठ करून, त्या खुर्चीवर बसलात तर मुलांना फरक कळणार नाही. बोलावयाचे नाही, घसा बसला आहे असे मी सांगेन. वकीलचे गाणे झाले की हात हलवून निघावयाचे. त्यानंतर वर्गच राहणार नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न उद्भवत नाही.

चष्मा पुसून सोबत पाठवीत आहे.

आपला


शुक्रवार, ७ तारीख

भावोजी,

चष्मा परत पाठवतेय. डबीला हातसुद्धा लावला नाही, सूनबाईने उघडून दाखवला.

आधी मी तुम्हाला भरपूर शिव्या लिहिल्या होत्या. तो कागद फाडला, कारण मला एक सांगायचंय, आणि ते सांगितल्यावर शिव्या द्यायला मला तोंड उरत नाही. मध्यंतरी मी औषधाच्या दुकानात उभी होते. कुणीतरी मागून येऊन गच्च मिठी मारली आणि अगदी कानाशी ओरडली, “बाई! तुम्ही बऱ्या झालात!” ताईच्या वर्गातली जुनी मुलगी, आता कडेवर स्वतःचं लेकरू. तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी म्हणायला हवं होतं, अगं मी ती नव्हे. नाही म्हटलं. तिच्या हातावर हात फिरवत राहिले. मिनिटभर ताई झाले. आणि भावोजी, खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं.

मग ती समोर आली. माझं तोंड पाहिलं, आणि तिच्या तोंडावर जे काही झालं ते मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही. आजारपणानं ताई एकदा गेली. त्या पोरीसाठी ती दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला ती माझ्या हातानं गेली. ते तुम्ही मला खोलीभर लेकरांना करायला सांगताय. वर फिती लावलेल्या खुर्चीत बसून!

घसा बसलाय म्हणे. लाज वाटते ना? वाटू दे. लाजेनं कुणी मरत नाही, आपण दोघं जिवंत आहोत की.

हजेरीचं उत्तर तुम्हीच द्यायचं. आणि त्या पोरीच्या आईची माफी मागायची, पोरीच्या देखत. बाजूला घेऊन, हळू आवाजात, ते चालणार नाही. मी येईन. शाल घरी ठेवीन, मागच्या भिंतीला बसेन, माझ्या स्वतःच्या तोंडानं.

धाकटी


शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय धाकटी,

चष्मा पोहोचला.

आज सांगावयाचे ठरवून गेलो होतो. मुले घरचे पोशाख घालून आली. कुणी आजोबांची टोपी, कुणी आईची ओढणी साडीसारखी गुंडाळलेली, भोपळ्याने वडिलांचा रेनकोट. सगळी आरशासमोर रांग लावून म्हणत होती, “बाई ओळखणारच नाहीत!”

आजही सांगितले नाही. उद्या.


शनिवार, ८ तारीख

प्रिय पत्नीस,

तुला पुन्हा लिहिण्याची वेळ आली.

पालक भिंतीलगत तुझ्या त्या बुटक्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन बसले होते. कार्यक्रमाआधी हजेरी. मुलांनी आपापली ओ दिली. मग न पुकारताच सगळी ओरडली, आणि शब्द त्यांनी स्वतःच बदलून घेतले होते: “बाई बाहेरगावी होत्या! बाई आज येणार आहेत!” मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मी तोंड उघडले, आणि त्याच क्षणी दार उघडले.

धाकटी होती. तिची बस चुकली होती. तिने शाल घेतली नव्हती, चष्मा नव्हता, केसही निराळे बांधले होते. काही उपयोग झाला नाही. दारात उजेड होता आणि उभे राहण्याची ढब तुझी होती. “बाई!” म्हणून सगळी खोली तिच्याकडे धावली.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. एकाही मुलाला स्पर्श केला नाही. भिंतीला टेकून ती माझ्याकडे पाहत राहिली. तिने काही म्हटले असते तर मी सुटलो असतो. ती बोलली नाही. मी बोललो नसतो तरीही सुटलो असतो. मी जे मागितले होते ते न मागता दारात येऊन उभे होते. तो मोह किती वेळ टिकला हे मी तुला सांगणार नाही.

मी म्हणालो, “या बाई नाहीत. या बाईंच्या धाकट्या बहीण आहेत. बाई येणार नाहीत. बाई मेल्या आहेत. मला हे सोमवारी ठाऊक होते. मी तुमच्याशी खोटे बोललो.”

‘वारल्या’, ‘देवाघरी गेल्या’ असे शब्द मी तयार ठेवले होते. ते आले नाहीत. बाकांवरून कुणीतरी “अहो!” म्हणाले.

वकील पुढे आली. तिने पणजीचा झगा घातला होता, तो दोन्ही मुठींत उचलून धरला होता.

“मंगळवारी पण माहीत होतं?”

“हो.”

“आणि काल पण?”

“हो.”

“आम्ही रोज ओरडत होतो तेव्हा?”

“हो.”

“मग खोटं का बोललात?”

“मला भीती वाटली.”

“कुणाची?”

“तुमची.”

“आम्ही तर लहान आहोत,” ती म्हणाली. तिला खरोखरच आश्चर्य वाटले होते.

मग मी तिच्या आईसमोर गेलो आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, “तुमची मुलगी जे घरी म्हणाली, ते तिने बरोबर ऐकले होते. गैरसमज झाला नव्हता. तुम्ही तिला खरे सांगितले आणि मी तुम्हाला खोटे पाडले. मला क्षमा करा.” ती बिचारी “असू दे हो, काका” म्हणाली आणि मुलीला जवळ घेण्यासाठी हात पसरले. मुलगी लगेच गेली नाही. थोडा वेळ आईकडे पाहत राहिली, मग गेली आणि तिच्या पदरात तोंड खुपसले.

काही मुले रडत होती. काही इतरांना रडताना पाहून. भोपळ्याने रेनकोटाची टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती. टोपीच्या आतून तो म्हणाला, “मग हजेरीत काय म्हणायचं?” तुझ्या नियमाप्रमाणे पुढे जाता येत नव्हते. शेवटी आईच्या मांडीवरूनच, मान न वळवता, वकीलने उत्तर दिले: “बाई मेल्या आहेत. येणार नाहीत.” रोजच्या सुरात. मग आणखी काही आवाज मिसळले, आणि वर्गाने ते एकदा म्हटले. पालकांपैकी बहुतेकांनी माना खाली घातल्या. मीही घातली.

कार्यक्रम झाला. घोरणे झाले, टोपी झाली, एक उड्यांचा खेळ झाला आणि त्यात हसूही आले. वकील गायली नाही. मी विचारले नाही. तो अधिकार मी गमावला होता. ते गाणे तुझ्यासाठी बसवले होते आणि ते कुणीच ऐकले नाही, याचे कारण मी आहे.

निघताना बाकी सर्व मुलांनी मला हात हलवले. वकील जिन्यात थांबून म्हणाली, “आजोबा, तुमच्याशी कट्टी.” आई म्हणाली, “असं बोलू नये.” मी म्हणालो, “बोलू द्या.” मी तिला विचारले, किती दिवसांची? तिने विचार केला. “कायमची,” ती म्हणाली, आणि झगा सावरत एकेक पायरी उतरून गेली. ती परत वळेल अशी माझी समजूत होती. ती वळली नाही.

मावशी आणि धाकटीने पेले विसळले. “ती सगळी धावत आली ना, भावोजी,” ती म्हणाली, “तेव्हा वाटलं, व्हावं. पुन्हा एकदा व्हावं ताई.” मी तिला ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणालो, “मलाही तसेच वाटले.” मावशींनी एक पेला दुसऱ्यांदा विसळला.

खाली बेकरीवाले गिऱ्हाइके करत होते. मला पाहून त्यांनी विचारले, “साहेब, आठवडाभर पोरं वर ओरडत होती, बाई येणार म्हणून. काय होतं ते? आम्हाला कळेना, तुम्हाला विचारायचाही धीर होईना.” पाव घेण्यासाठी माणसे उभी होती, त्यांतली काही तुला ओळखणारी. त्यांनीही ते रोज ऐकले असणार, आणि मुलांना खुळी म्हटले असणार.

“मी त्यांना खोटे सांगितले होते,” असे मी शेवटच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो.

खिडक्या आतून लावल्या आहेत. दाराला कुलूप घातले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या बेकरीवाल्यांना परत दिल्या.